दहा तोंडें, एक साक्ष

एखादी गोष्ट एका मनुष्यानें सांगितली तर ती ऐकीव, आणि तीच दहांनीं सांगितली तर ती खरी, अशी आपणां सर्वांची सामान्य समजूत असते. व्यवहारांत ही समजूत बहुधा उपयोगी पडते, म्हणूनच ती टिकून राहिली आहे. परंतु त्या दहांपैकीं नऊ जणांनीं ती गोष्ट पहिल्याच्याच तोंडून ऐकली असेल, तर साक्षी दहा होतात कीं एकच, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. न्यायासनावर बसलेल्याला तो विचारावाच लागतो. आमच्या मतें कोशकारालाही तो तितक्याच कसोशीनें विचारला पाहिजे; कारण न्यायाधीशाच्या निवाड्यावर अपील तरी असतें, कोशांत छापलेलें वाक्य मात्र वाचक निमूटपणें खरें मानून पुढें जातो. ज्ञानाच्या क्षेत्रांत स्वतंत्र साक्षीदार कोणास म्हणावें, आणि असा साक्षीदार मिळेपर्यंत लिहिणारानें कसें वागावें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तो नुसत्या तात्त्विक जिज्ञासेमुळें नव्हे. कांहीं काळापूर्वीं एका कोशाकरितां सापेक्षतावादी पुंजयामिकी या विषयावर लहानसें टिपण लिहून देण्याचें काम आम्हीं पत्करलें. आइन्स्टाइन यांचा १९०५ सालचा सापेक्षतासिद्धान्त आणि १९२५-२६ सालीं आकारास आलेली पुंजयामिकी, जिला लोक क्वांटम मेकॅनिक्स या नांवानें अधिक ओळखतात, या दोहोंचा मेळ घालणारें हें शास्त्र आहे. सूक्ष्म कण प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावूं लागला म्हणजे दोन्ही शास्त्रांचे नियम त्याला एकाच वेळीं लागू होतात. ते कसे, हें इलेक्ट्रॉनापुरतें यशस्वी रीतीनें सांगणारें समीकरण केंब्रिज येथील पॉल डिरॅक यांनीं १९२८ सालीं मांडलें. विषय आमच्या आवाक्याच्या अगदीं कडेवरचा; म्हणून आम्हीं सावधपणें अकरा पुस्तकें जमविलीं, तीं ताडून पाहिलीं, आणि टिपणांत असें वाक्य लिहिलें कीं, ‘डिरॅक यांनीं १९२८ सालीं पॉझिट्रॉन या नव्या कणाचें भाकीत केलें, व तें १९३२ सालीं खरें ठरलें.’ अकरांपैकीं नऊ पुस्तकांत हें विधान थोड्याफार शब्दभेदानें होतें. उरलेल्या दोहोंत त्याविरुद्ध कांहीं नव्हतें. नऊ साक्षी मिळाल्यावर आणखी काय पाहिजे, असें आम्हांस वाटलें.

टिपण छापावयास जाण्यापूर्वीं तें आम्हीं एका वृद्ध स्नेह्यांस दाखविलें. त्यांचा सगळा जन्म पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेला होता. त्यांनीं त्या वाक्याखालीं नखानें रेघ ओढली आणि विचारलें, “तुम्ही नऊ पुस्तकें पाहिलींत हें ठीक, पण त्या नऊ पुस्तकांनीं काय पाहिलें?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. तेव्हां मूळ निबंध पाहण्याची मेहनत घेणें भाग पडलें, आणि ती घेतल्यावर आमच्या वाक्याचा पायाच निसटला.

खरा प्रकार असा. १९२८ सालच्या निबंधांत कोणत्याही नव्या कणाचें भाकीत नाहीं. त्या समीकरणांतून ऋण ऊर्जेचीं उत्तरें निघत होतीं, आणि हें त्या वेळीं भूषण नसून अडचण होती. १९३० सालीं डिरॅक यांनीं असा तोडगा सुचविला कीं, ऋण ऊर्जेच्या जवळजवळ सर्व जागा भरलेल्या असाव्या, आणि त्यांत जी एखादी रिकामी जागा राहते तीच आपणांस प्रोटॉन म्हणून दिसत असावी. परंतु प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनाच्या सुमारें १८३६ पट जड आहे. ओपेनहाइमर यांनीं दाखविलें कीं, तसें असतें तर दोघांनीं एकमेकांस गिळून टाकलें असतें आणि साधा हायड्रोजनचा अणूही टिकला नसता. रिकाम्या जागेचें वजन इलेक्ट्रॉनाएवढेंच आलें पाहिजे, असें हेर्मान वाइल यांनीं गणितानें दाखविलें. तेव्हां १९३१ सालीं डिरॅक यांनीं आपलें पूर्वीचें मत सोडलें, आणि इलेक्ट्रॉनाएवढ्याच वजनाचा पण धन विद्युद्भाराचा, तोंपर्यंत कोणींही न पाहिलेला कण असला पाहिजे, असें लिहिलें. भाकीत आहे तें हें. आणि त्याच्यामागें तीन वर्षांची अडखळण आहे. नऊ पुस्तकांनीं ती अडखळण पुसून टाकली होती. त्या नऊ ग्रंथकारांवर आम्ही खोटेपणाचा आरोप करीत नाहीं. कोणीतरी एकानें सोयीसाठीं हकीकत आंखडली असेल, आणि इतरांनीं ती विश्वासानें उचलली असेल. पण परिणाम हा झाला कीं, थोर बुद्धीचा मनुष्य न चुकतां एका झेपेंत सत्याला गांठतो, अशी एक खोटी शिकवण तारखेच्या आडून विद्यार्थ्याच्या मनांत शिरली. तारीख चुकल्याचें आम्हांस तितकें वाईट वाटलें नाहीं, जितकें या शिकवणीचें वाटलें.

आमच्या नैयायिकांनीं शब्द हें एक प्रमाण मानलें आहे, परंतु तो आप्ताचा शब्द असेल तरच. आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तु साक्षात् ठाऊक आहे, व जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा पुरुष. यांतील दुसरी अट आपण ध्यानांत ठेवतों, पहिली विसरतों. प्रामाणिक मनुष्याचें सांगणें आपणांस खरें वाटतें. त्याला तें कशावरून ठाऊक झालें, हें विचारणें आपणांस उद्धटपणाचें वाटतें. आमचे नऊही ग्रंथकार प्रामाणिक होते. उणीव होती ती साक्षात् ज्ञानाची.

येथें दोन प्रश्नांची गल्लत होण्याचा संभव आहे, म्हणून ते वेगळे करणें जरूर आहे. डिरॅक यांनीं कधीं काय म्हटलें, हा एक प्रश्न. आणि त्यांनीं म्हटलें तें खरें आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला डिरॅक यांचा स्वतःचा निबंध हा सर्वांत चांगला साक्षीदार आहे. नऊ पुस्तकें त्याच्यापुढें कांहींच नव्हेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तोच निबंध सर्वांत दुबळा साक्षीदार आहे. कारण आपल्या सिद्धान्ताविषयीं कर्ता स्वतः अनुकूल बोलणार हें उघडच आहे. मुलाचें नांव काय ठेवलें हें बापाला विचारावें. मुलगा गुणी आहे कीं नाहीं हें शेजाऱ्याला विचारावें. कोशाचे बहुतेक दोष हे दोन प्रश्न उलट सुलट माणसांस विचारल्यामुळें उत्पन्न होतात.

मग दुसऱ्या प्रश्नाचा शेजारी कोण? १९३२ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत पॅसाडेना येथें कार्ल अँडरसन हे विश्वकिरणांचीं छायाचित्रें घेत होते. बाष्पानें भरलेल्या कोठींतून विद्युद्भारित कण गेला म्हणजे त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते, आणि चुंबकाच्या प्रभावानें ती वांकते. कोठीच्या मध्यें ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा होता. एका छायाचित्रांत पत्र्याच्या एका बाजूस रेघ कमी वांकलेली व दुसऱ्या बाजूस अधिक वांकलेली दिसली. पत्र्यांतून जातांना कण मंद होणार, म्हणून तो कोणत्या बाजूनें आला हें कळलें. दिशा कळल्यावर विद्युद्भार धन आहे हें कळलें. आणि रेघेच्या लांबीवरून व वांकण्यावरून तो प्रोटॉन असणें शक्य नाहीं हेंही ठरलें. अँडरसन डिरॅक यांच्या कणाच्या शोधार्थ निघाले नव्हते. आपला शोध अकल्पित होता, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. पुढल्याच वर्षीं केंब्रिज येथें ब्लॅकेट व ऑकियालीनी यांनीं वेगळ्या युक्तीच्या उपकरणानें तेच कण पाहिले, आणि त्यांचा डिरॅक यांच्या सिद्धान्ताशीं संबंध जोडून दाखविला. ते डिरॅक यांच्या शेजारचे, त्यांच्याशीं बोलूनचालून असलेले. म्हणून त्यांची साक्ष निरुपयोगी ठरते असें नाहीं, कारण उपकरण त्यांचें स्वतःचें होतें. पण स्वातंत्र्याला पायऱ्या असतात, आणि या पायऱ्यांचा हिशेब कोशकारानें मनाशीं ठेवला पाहिजे.

यावरून आम्हांस स्वतंत्र साक्षीदाराचें लक्षण असें सुचतें: ज्याचें उत्तर ‘नाहीं’ असें येणें खरोखर शक्य होतें, त्याच्याच ‘होय’ला किंमत आहे. पुस्तक पाहून पुस्तक लिहिणाराचें उत्तर ‘नाहीं’ असें येणें शक्यच नव्हतें. शिष्याचें बहुधा येत नाहीं. शिशाच्या पत्र्याला मात्र कोणाचीच भीड नव्हती. स्वतंत्र म्हणजे प्रतिकूल नव्हे, अनभिज्ञ तर नव्हेच नव्हे.

याच शास्त्राच्या इतिहासांत ‘नाहीं’ म्हणणाऱ्या साक्षीदाराचेंही उदाहरण आहे, आणि तें अधिक बोधप्रद आहे. हायड्रोजनच्या प्रकाशांतील रेषांची जी बारीक फाटाफूट दिसते, तिचें सूत्र सोमरफेल्ट यांनीं १९१६ सालींच, जुन्या कल्पनांवर उभारून दिलें होतें. त्या कल्पनांत इलेक्ट्रॉनाच्या स्वतःभोंवतीं फिरण्याचा मागमूसही नव्हता. १९२८ सालीं डिरॅक यांच्या समीकरणांतून डार्विन आणि गॉर्डन या दोघांनीं वेगवेगळें गणित करून जें सूत्र काढलें, तें तेंच निघालें. म्हणजे त्या रेषा मोजणारा कितीही निःपक्षपाती असला, तरी त्याचें ‘होय’ दोन्ही पक्षांस सारखेंच लागू पडत होतें. घुणाक्षरन्यायानें बरोबर आलेलें उत्तर व समजून काढलेलें उत्तर यांत त्याला भेद करतां येत नव्हता. तेव्हां साक्षीदार स्वतंत्र असून भागत नाहीं. जेथें दोन मतांचीं उत्तरें भिन्न होतात अशा जागीं त्याला प्रश्न विचारावा लागतो. तशी जागा १९४७ सालीं सांपडली. हायड्रोजनच्या दोन विवक्षित स्थितींची ऊर्जा तंतोतंत सारखी असली पाहिजे असें डिरॅक यांचें समीकरण सांगतें. विलिस लँब व त्यांचे सहकारी यांनीं युद्धकाळांत रडारसाठीं वाढलेल्या सूक्ष्मतरंगांच्या विद्येनें ती मोजून पाहिली, तों दोहोंत सेकंदास सुमारें हजार दशलक्ष कंपनांएवढा फरक निघाला. डिरॅक यांच्या कीर्तीचा हा साक्षीदारही तितकाच बेपर्वा होता. त्याच्या ‘नाहीं’नें समीकरण खोटें ठरलें नाहीं, तें कोठपर्यंत खरें आहे हें ठरलें, आणि त्या मर्यादेपलीकडे नवें शास्त्र उभें राहिलें.

परंतु साक्षीदार आधीं स्वतंत्र असून मागाहून तें स्वातंत्र्य गमावूं शकतो, हेंही सांगितलें पाहिजे. इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय शक्तीविषयीं जें नवें गणित त्यानंतर सुरू झालें, त्यांत एका बारीक दुरुस्तीचा आंकडा १९५० सालीं प्रसिद्ध झाला. तो चुकीचा होता, हें पीटरमान व सॉमरफील्ड यांनीं १९५७ सालीं तें गणित वेगवेगळें पुन्हां केलें तेव्हां उघड झालें. रिचर्ड फाइनमन यांनीं १९८५ सालच्या आपल्या पुस्तकांत अशा गणिताची जी हकीकत दिली आहे ती मोठी मार्मिक आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणें दोन मंडळ्यांनीं स्वतंत्रपणें तें काम केलें होतें. पण शेवटाजवळ आल्यावर दोघांनीं आपापलीं टांचणें एकमेकांस दाखविलीं आणि जेथें फरक होता तेथें तो जुळवून घेतला. दोघांचें उत्तर एक आलें, आणि तें चूक होतें. यांत लबाडी कोणाचीच नव्हती. आपल्या उत्तराशीं दुसऱ्याचें उत्तर जुळावें ही इच्छा इतकी स्वाभाविक आहे कीं, ती आपणांस सत्याच्या इच्छेसारखीच भासते. मतभेद मिटल्याचा आनंद झाला म्हणजे तो पुराव्यानें मिटला कीं सौजन्यानें, हें विचारण्याचें भान राहत नाहीं. सभ्य माणसांच्या मंडळींत हा धोका अधिक आहे, कमी नाहीं.

येथपर्यंतचा विचार आम्हांस बराच निःशंक वाटत होता. इतक्यांत एका वयोवृद्ध गृहस्थांचें पत्र आलें. आम्ही हें टिपण लिहीत आहों हें त्यांस कोठून तरी कळलें होतें. नोकरी सांभाळून तीस वर्षें त्यांनीं एकट्यानें अभ्यास केला होता, आणि सापेक्षता व पुंजयामिकी यांचा मेळ घालणारा स्वतःचा सिद्धान्त रचला होता. तो चार पुस्तिकांत स्वखर्चानें छापला होता; सोबत त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें प्रशंसापत्र होतें. टिपणांत एक ओळ यावी, एवढीच त्यांची विनंती होती. आम्हीं नम्रपणें कळविलें कीं, आपल्याखेरीज व आपल्या विद्यार्थ्याखेरीज कोणीं या सिद्धान्ताची परीक्षा केलेली आम्हांस आढळत नाहीं, म्हणून तो कोशांत घेतां येत नाहीं. त्यांचें उत्तर एका ओळीचें होतें: “१९३१ सालीं डिरॅकच्या बाजूनें तरी कोण होतें?”

हा प्रश्न टोलवून लावण्याजोगा नाहीं. स्वतंत्र साक्षीदाराचा आग्रह धरणें म्हणजे प्रत्येक नव्या सत्याला कांहीं काळ दाराबाहेर उभें करणें होय, आणि त्या थंडींत उभें राहण्याचा भार नेहमीं एकट्यानें विचार करणारावर पडतो. नियम करणारावर तो पडत नाहीं. हा अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ही किंमत आहे, आणि ती दुसरा कोणी देतो, हें कबूल न करणें मात्र अन्याय होईल.

तथापि त्या प्रश्नाला उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. १९३१ सालीं डिरॅक यांच्या बाजूनें कोणी नसेल; परंतु त्यांच्या विरुद्ध उभें राहण्यास त्यांनीं जागा करून दिली होती. त्यांचें म्हणणें इतकें नेमकें होतें कीं, ओपेनहाइमर व वाइल यांस त्यांतील चुकीवर बोट ठेवतां आलें. आणि बोट ठेवल्यावर त्यांनीं तें मत सोडलें. नव्या कणाचें वजन किती व विद्युद्भार कोणता, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगून ठेवलें. तसा कण कधींच दिसला नसता तर त्यांचें हसें झालें असतें. जो आपल्या खोटेपणाची कसोटी स्वतः लिहून देतो, त्यानें साक्षीदार येण्यापूर्वींच साक्षीदाराचें आसन मांडून ठेवलेलें असतें. १९३१ सालचा न्यायी कोशकार असता तर त्यानें तीन वाक्यें लिहिलीं असतीं: डिरॅक असें म्हणतात, अमुक कारणानें म्हणतात, असा कण अद्याप कोणीं पाहिलेला नाहीं. हीं तिन्ही वाक्यें त्या दिवशीं खरीं होतीं, आणि आजही त्या दिवसाविषयीं खरींच आहेत. न सांपडणें आणि नसणें यांतला भेद राखून लिहितां येतें. त्याला शौर्य लागत नाहीं, संयम लागतो.

आम्हीं त्या गृहस्थांस पुन्हां पत्र लिहिलें आणि विचारलें कीं, काय दिसलें असतां आपला सिद्धान्त चुकला असें आपण मानाल? त्याचें उत्तर आलें नाहीं. यावरून त्यांचा सिद्धान्त खोटा आहे असें अनुमान काढण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, व तें आम्ही काढीतही नाहीं. त्यांच्या चारही पुस्तिका आमच्या कपाटांत आहेत. कोणी परीक्षक भेटल्यास त्याच्या हातीं देऊं.

मराठींत लिहिणारावर या बाबतींत एक जास्तीची जबाबदारी येते. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० नंतरच्या दशकांत निघाले, तेव्हां हें शास्त्र नुकतें जन्मास येत होतें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तेव्हां तें प्रौढ झालें होतें. दोन्ही वेळीं मूळ साधनें परभाषेंत, आणि आजही तीं तशींच आहेत. ज्याला मूळ पाहणें कठीण, असा वाचक आपल्या शब्दावर अधिक विसंबतो. म्हणून त्याला दिलेली उसनी साक्ष अधिक मोठा अपराध होय. दुसरा मोह अभिमानाचा. १९०९ सालीं मुंबईंत जन्मलेले व १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणारे होमी भाभा यांनीं, केंब्रिज येथें असतांना, इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचें गणित डिरॅक यांच्या सिद्धान्तावरून केलें. तें १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. या कार्याची थोरवी सांगण्यास आपल्याकडील गौरवलेख शेंकड्यांनीं मिळतील. परंतु परदेशच्या प्रयोगशाळांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवून आणणारीं यंत्रें आहेत, आणि टकरी किती होतात हें मोजण्यासाठीं त्यांत याच विखुरण्याचा आधार घेतात व त्याला भाभांचेंच नांव देतात. त्या यंत्रांस भाभा कोठले याच्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. आंकडा चुकीचा असता तर त्यांचें माप चुकलें असतें, आणि त्यांनीं तो केव्हांच टाकून दिला असता. शंभर गौरवलेखांपेक्षां ही एक साक्ष भाभांचा अधिक मोठा गौरव करते.

आमचें टिपण अखेर छापलें गेलें. त्यांत १९२८, १९३०, १९३१ आणि १९३२ अशीं चार सालें आहेत, आणि मधल्या दोहोंमध्यें एका थोर पुरुषाची चूक व तिची दुरुस्ती आहे. वाक्य पूर्वीपेक्षां लांबलें, आणि डौल गेला. पुढें कोणी नवा ग्रंथकार आमचें टिपण पाहून आपलें पुस्तक लिहील, तर तो दहावा साक्षीदार होणार नाहीं, आमचाच प्रतिध्वनि होईल, हेंही आम्ही जाणतों. त्याला आमची विनंती इतकीच कीं, त्यानें आम्हांसही तोच प्रश्न विचारावा, जो त्या वृद्ध स्नेह्यांनीं आमच्या वाक्याखालीं रेघ ओढून विचारला होता.